अमेरिकेत एकेकाळी लोक तिकीट काढून दुसऱ्यांचं चालणं बघायला जायचे, तेही सलग सहा दिवस!

मोबाईल हातात आहेच, तर आज तुमची किती पावलं झाली ते एकदा बघून घ्या. दहा हजार झाली असतील तर भारीच. चार-पाच हजारांवर अडकली असतील तर आपण एकाच नावेत आहोत.

आता कल्पना करा की एक माणूस सहा दिवसांत ८०० किलोमीटर चालतोय. म्हणजे दिवसाला साधारण १३३ किलोमीटर, तीन मॅरेथॉनपेक्षाही जास्त. पावलांत मोजायचं तर सहा दिवसांत दहा लाखांच्या आसपास. आणि हे सगळं डोंगरदऱ्यांतून किंवा समुद्राकाठी नाही, तर एका बंद हॉलमध्ये, छोट्याशा गोल ट्रॅकवर. भोवती सिगारचा धूर, बँडचा आवाज, पैजा लावणाऱ्यांचा गोंगाट आणि पन्नास सेंटचं तिकीट काढून आलेले हजारो लोक.

हे लोक काय बघायला यायचे? तर माणसं चालताना बघायला.

चेष्टा नाही. १८७० आणि १८८० च्या दशकात हा अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला खेळ होता. त्याला पेडेस्ट्रियनिझम म्हणायचे, आपल्या भाषेत पायी चालण्याच्या शर्यती. त्या काळात या शर्यतींचे खेळाडू स्टार होते, त्यांचे फोटो असलेली कार्ड निघायची, पेपरात रोज त्यांचे आकडे छापून यायचे. आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा खेळ असा काही गायब झाला की आज अमेरिकेतल्या लोकांनाही त्याचा पत्ता नाही.

तर हा खेळ आला कुठून, एवढा चालला का आणि संपला कसा, हेच आपण बघणार आहोत.

सुरुवात झाली एका हरलेल्या पैजेपासून

१८६० साल. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि अब्राहम लिंकन उभे होते. एडवर्ड पेसन वेस्टन नावाच्या तरुणाने मित्राशी पैज लावली की लिंकन हरणार. जो पैज हरेल त्याने बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंत चालत जायचं आणि नव्या अध्यक्षांचा शपथविधी बघायचा, असं ठरलं. जिंकणाऱ्याला काय मिळणार होतं? तर शेंगदाणे.

लिंकन जिंकले आणि वेस्टन हरला.

आपण असतो तर "जाऊ दे रे, चहा पाजतो" म्हणून विषय संपवला असता. वेस्टनने तसं केलं नाही. २२ फेब्रुवारी १८६१ ला तो बॉस्टनहून निघाला. ऐन हिवाळा, रस्त्यात बर्फ आणि चिखल. ४७८ मैल, म्हणजे जवळपास ७७० किलोमीटर अंतर त्याने दहा दिवस आणि काही तासांत कापलं. ४ मार्चच्या संध्याकाळी तो वॉशिंग्टनला पोहोचला, पण शपथविधी काही तासांपूर्वीच झाला होता. तरी त्याच रात्रीच्या नृत्य समारंभाला तो हजर राहिला आणि खुद्द लिंकन यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

वाटेतल्या गावांत लोक त्याला बघायला घराबाहेर येत होते, पेपरवाले बातम्या देत होते. या प्रवासात वेस्टनला एक गोष्ट कळली. चालण्याचेही पैसे मिळू शकतात.

त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि चार वर्षं दुसरं काही सुचायची सोयच राहिली नाही. युद्ध संपल्यावर, १८६७ मध्ये वेस्टन परत रस्त्यावर आला. मेन राज्यातल्या पोर्टलँडपासून शिकागोपर्यंतचं १,२०० मैलांहून जास्त अंतर महिन्याभराच्या आत चालायची पैज होती, आणि पैजेची रक्कम होती दहा हजार डॉलर. त्याने पैज जिंकली आणि त्याचं नाव घराघरात पोहोचलं.

रस्त्यावरचा खेळ हॉलमध्ये का आला?

रस्त्यावर चालणाऱ्या माणसाची एक अडचण असते. लोक त्याला फुकट बघतात.

मग या लोकांनी खेळ हॉलमध्ये आणला. तेव्हा अमेरिकेतल्या शहरांत रोलर स्केटिंगची वेड्यासारखी हौस होती आणि त्यासाठी मोठमोठे हॉल बांधलेले होते. त्यातच माती आणि लाकडाचा भुसा टाकून गोल ट्रॅक करायचा, दाराशी तिकीट लावायचं, झालं काम.

वेस्टनने ठरवलं की सहा दिवसांत ५०० मैल, म्हणजे ८०५ किलोमीटर चालून दाखवायचे. आधीचे प्रयत्न फसले, लोक त्याला हसलेसुद्धा. पण डिसेंबर १८७४ मध्ये न्यूजर्सीतल्या नेवार्क शहरात त्याने ते करून दाखवलं.

आता प्रश्न येतो, सहाच दिवस का? सात का नाहीत?

कारण रविवार. रविवार हा चर्चचा आणि विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी असले तमाशे चालायचे नाहीत. म्हणून शर्यत रविवारची मध्यरात्र उलटली की सुरू व्हायची आणि शनिवारी रात्री संपायची. एका आठवड्यात धर्माला धक्का न लावता जास्तीत जास्त जेवढा धंदा करता येईल तेवढा करायचा, असा हा हिशोब होता.

वेस्टनला टक्कर द्यायला आला एक पुस्तकविक्या

कुठल्याही खेळाला दोन नावं लागतात. एकट्या माणसाचा विक्रम लोक एकदा बघतात, भांडण मात्र पुन्हा पुन्हा बघतात.

वेस्टनच्या समोर उभा राहिला डॅनियल ओ'लिअरी. आयर्लंडमधून आलेला हा गरीब स्थलांतरित शिकागोत घरोघरी फिरून पुस्तकं विकायचा. दिवसभर पायपीट हाच त्याचा धंदा होता, त्यामुळे वेगळा सराव करायची त्याला फारशी गरज नव्हती.

नोव्हेंबर १८७५ मध्ये शिकागोच्या एक्स्पोझिशन बिल्डिंगमध्ये दोघांची सहा दिवसांची शर्यत झाली. एका बाजूला वेस्टन. झालरीचा शर्ट, हातात छडी, लोकांना हसवणारा, मूड आला तर चालता चालता कॉर्नेट वाजवून दाखवणारा. दुसऱ्या बाजूला ओ'लिअरी, मान ताठ आणि नजर समोर, इकडे बघणार नाही की तिकडे.

निकाल लागला तेव्हा ओ'लिअरीच्या नावावर ५०३ मैल होते आणि वेस्टनच्या नावावर ४५१.

शिकागोतल्या आयरिश लोकांसाठी ही साधी बातमी नव्हती. तेव्हाच्या अमेरिकेत आयरिश स्थलांतरितांना कामाच्या ठिकाणी आणि पेपरातल्या व्यंगचित्रांत सर्रास हिणवलं जायचं. त्यांच्यातल्याच एका माणसाने देशाच्या लाडक्या खेळाडूला हरवलं होतं.

लोक बघायचे तरी काय?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात मघापासून असणार. माणूस चालतोय, गोल फिरतोय, परत तिथेच येतोय. यात बघण्यासारखं काय?

पहिली गोष्ट, तेव्हा सिनेमा नव्हता, रेडिओ नव्हता, टीव्ही तर नव्हताच. शहरं मात्र झपाट्याने वाढत होती. कारखान्यातून सुटलेल्या लोकांना संध्याकाळी उजेड असलेली, गाणं-बजावणं असलेली, स्वस्तात तास-दोन तास बसता येईल अशी जागा हवी होती. शर्यत चोवीस तास चालू असायची. तुम्ही रात्री आठला जा नाहीतर पहाटे दोनला, खेळ चालूच.

दुसरी गोष्ट, हा खेळ कळायला काही शिकावं लागत नव्हतं. चालतो तर प्रत्येकजण. समोरचा माणूस तिसऱ्या दिवशी पाय ओढत चाललाय म्हणजे त्याला काय होत असेल, हे हॉलमधल्या प्रत्येकाला स्वतःच्या पायांवरून कळायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे तार. टेलिग्राफमुळे दुसऱ्या शहरातला आकडा काही मिनिटांत पोहोचायचा. आज आपण स्कोअर रिफ्रेश करतो, तसे लोक पेपरच्या ऑफिसबाहेर लावलेल्या फलकांसमोर गर्दी करायचे.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सट्टा. कोण जिंकणार, कोण आधी बाहेर पडणार, कोण अमुक मैल गाठणार, सगळ्यावर पैसे लागायचे.

ट्रॅकच्या कडेला प्रत्येक खेळाडूचा छोटा तंबू असायचा. त्यात एक खाट, थोडं खाणं आणि पायाला मालिश करणारा माणूस. दिवसाला तीन-चार तास झोप मिळाली तरी खूप. खेळाडूला तरतरी यावी म्हणून शॅम्पेन पाजायचे, कारण दारूने ताकद येते असा तेव्हा समज होता.

वेस्टन तर १८७६ मध्ये लंडनच्या शर्यतीत कोकाची पानं चघळताना सापडला. हे तेच झाड, ज्यातून कोकेन काढतात. तेव्हा त्याविरुद्ध नियम नव्हता, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली असं त्याने सांगितलं. पण वाद झालाच. आज आपण ज्याला डोपिंग म्हणतो, त्याच्या सुरुवातीच्या वादांमध्ये या प्रकरणाची गणना होते.

एक पट्टा आणि न्यूयॉर्कमधला राडा

१८७८ मध्ये सर जॉन अॅस्टली या ब्रिटिश खासदाराने जगातल्या सर्वोत्तम लांब पल्ल्याच्या खेळाडूसाठी एक पट्टा ठेवला. बॉक्सिंगमध्ये देतात तसाच. नियम सोपा केला, चाला नाहीतर पळा, तुमची मर्जी. सहा दिवसांत ज्याचं अंतर जास्त, त्याचा पट्टा.

लंडनमधली पहिली शर्यत ओ'लिअरीने ५२० मैल करून जिंकली आणि पट्टा अमेरिकेत आणला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो राखला. मार्च १८७९ मध्ये तिसरी शर्यत ठरली, न्यूयॉर्कच्या गिलमोर्स गार्डनमध्ये.

ही जागा म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन. आधी तिथे सर्कसवाल्या पी. टी. बार्नमने आपला खेळ मांडला होता. ट्रॅकचे आठ फेरे म्हणजे एक मैल. ५०० मैल करायचे तर चार हजार फेरे!

ओ'लिअरीसमोर इंग्लंडचा चार्ल्स रॉवेल आणि दोन अमेरिकन खेळाडू होते. शर्यत सुरू व्हायच्या रात्री आत जागा उरली नाही आणि बाहेर हजारो लोक उभे. गर्दीने आत घुसायचा प्रयत्न केला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढे एका दिवशी गर्दीच्या वजनाने गॅलरीचा भाग कोसळला, लोक जखमी झाले. शर्यत मात्र थांबली नाही.

तिसऱ्याच दिवशी ओ'लिअरी थकून बाहेर पडला. रॉवेलने बरोबर ५०० मैल करून पट्टा इंग्लंडला नेला आणि त्यासोबत तिकीटविक्रीतला सुमारे २० हजार डॉलरचा वाटाही. त्या वेळी अमेरिकेतल्या साध्या मजुराची वर्षभराची कमाई पाचशे डॉलरच्या आसपास असायची. म्हणजे सहा दिवसांत चाळीस वर्षांची मजुरी.

याच वर्षी मे महिन्यात गिलमोर्स गार्डनचं नाव बदललं. नवीन नाव होतं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. होय, तेच. आज बास्केटबॉल, बॉक्सिंग आणि मोठमोठ्या कॉन्सर्टसाठी ओळखलं जाणारं हे नाव तेव्हा चालण्याच्या शर्यतींमुळे गाजत होतं. आजची इमारत वेगळी आहे, जागाही बदलली आहे, पण नाव तिथूनच आलं.

बायका मागे नव्हत्या

त्या काळात बाईने घोटा दिसेल एवढा आखूड झगा घातला तरी लोक नाकं मुरडायचे. अशा वेळी डिसेंबर १८७८ मध्ये ब्रुकलिनच्या मोझार्ट गार्डनमध्ये एडा अँडरसन नावाची इंग्लिश बाई ट्रॅकवर उतरली.

तिचं आव्हान ऐका. दर पंधरा मिनिटांना पाव मैल चालायचं, असं २,७०० वेळा. दिवसरात्र, न चुकता.

हिशोब करून बघा. २,७०० वेळा पंधरा मिनिटं म्हणजे २८ दिवसांहून जास्त. पाव मैल म्हणजे ४०० मीटर, त्यात तीन-चार मिनिटं जाणार. कितीही जुळवाजुळव केली तरी सलग वीस मिनिटांहून जास्त झोप मिळणं जवळपास अशक्य. चार आठवडे हेच. मधल्या वेळेत ती लोकांसाठी गाणीही म्हणायची.

१३ जानेवारी १८७९ ला तिने शेवटचा पाव मैल पूर्ण केला. तिला बघायला येणाऱ्यांमध्ये बायकांची संख्या मोठी होती, आणि "बाईच्या शरीराला एवढं झेपत नाही" असं सांगणाऱ्यांची थोडीफार तरी अडचण झाली. तिच्यानंतर अनेकजणी या खेळात आल्या. काही वर्तमानपत्रांनी मात्र हा प्रकार क्रूर आणि असभ्य ठरवला. गंमत अशी की पुरुषांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन तेच पेपर मोठ्या चवीने छापत होते.

फ्रँक हार्ट: किराणा दुकानातून विश्वविक्रमापर्यंत

या खेळातली मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट फ्रँक हार्टची.

त्याचं खरं नाव फ्रेड हिचबॉर्न. जन्म हैतीचा. तरुणपणी बॉस्टनला आला आणि एका किराणा दुकानात कामाला लागला. पैसे मिळतात म्हणून स्थानिक शर्यतींत उतरायला लागला आणि जिंकायलाही लागला. ओ'लिअरीने त्याला हेरलं आणि आपल्या हाताखाली घेतलं. कृष्णवर्णीय हार्टला लोक "ब्लॅक डॅन" म्हणायला लागले, म्हणजे डॅन ओ'लिअरीचा काळा अवतार. कौतुकातही रंग काढल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

एप्रिल १८८० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला ओ'लिअरीच्याच नावाच्या पट्ट्यासाठी शर्यत झाली. हार्टने ५६५ मैल, म्हणजे ९०९ किलोमीटर अंतर कापलं. विश्वविक्रम! शेवटी तो अमेरिकेचा झेंडा घेऊन ट्रॅकवर फिरला. दुसऱ्या नंबरवर होता विल्यम पेग्राम, तोही कृष्णवर्णीय.

गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा फक्त पंधरा वर्षं झाली होती. न्यूयॉर्कच्या सगळ्यात मोठ्या हॉलमध्ये, हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर, दोन काळे खेळाडू पहिले-दुसरे आले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. शिव्या देणारेही होतेच, हार्टला त्या सवयीच्या झाल्या होत्या. पण घड्याळ आणि फेऱ्यांची पाटी कुणाचा रंग बघत नव्हती. त्या दोन गोष्टींपुरता हा खेळ त्या काळातल्या बऱ्याच ठिकाणांपेक्षा प्रामाणिक होता.

हार्टने एका आठवड्यात हजारो डॉलर कमावले. ते टिकले नाहीत. पुढे शर्यती कमी झाल्या, पैसा आटला आणि १९०८ मध्ये शिकागोत तो गेला, तेव्हा त्याला ओळखणारेही फारसे उरले नव्हते.

मग खेळ संपला कसा?

विक्रम तर वाढतच होते. १८८४ मध्ये पॅट्रिक फिट्झजेराल्डने ६१० मैल केले. १८८८ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज लिटलवूडने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ६२३ मैलांहून जास्त, म्हणजे एक हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला. हा विक्रम किती वर्षं टिकला माहितीये? तब्बल ९५ वर्षांहून जास्त! १९८४ मध्ये ग्रीसच्या यानिस कुरोसने तो मोडला.

पण खेळाडू जोरात असताना खेळाची पत घसरत गेली. त्याची कारणं साधारण तीन.

एक, सट्टा. ज्या पैशाने खेळ वाढला त्यानेच तो पोखरला. शर्यती आधीच ठरलेल्या असतात, असा संशय लोकांना यायला लागला.

दोन, अतिरेक. गावोगावी शर्यती, रोज नवा विजेता, रोज नवा पट्टा. लोक कंटाळले.

तीन, सायकल. १८८० च्या दशकाच्या शेवटी दोन सारख्या चाकांची, आजच्यासारखी सायकल आली आणि अमेरिका तिच्यामागे वेडी झाली. तोच हॉल, तेच सहा दिवस, फक्त आता वेग चौपट. शिवाय बेसबॉल होताच, तो दरवर्षी ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संघांसोबत येत होता.

माणूस बदलला, खेळ तोच राहिला

१८९० च्या दशकात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या सायकल शर्यती सुरू झाल्या. एकट्याने सहा दिवस सायकल हाणायची, झोपाल तेवढं मागे पडाल.

१८९६ च्या शर्यतीत मेजर टेलर नावाचा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय पोरगा उतरला. त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये अमेरिकेतल्या प्रमुख सायकल संघटनेने काळ्या लोकांना सभासदत्व बंद केलं होतं. टेलरने १,७०० मैलांहून जास्त अंतर कापलं आणि आठवा आला. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, तो जगज्जेता झाला.

या शर्यतींत झोपेअभावी सायकलस्वारांना भास व्हायचे, लोक सायकलवरून कोसळायचे. आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकांतले बरेचजण तेच बघायला यायचे. शेवटी न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की एका खेळाडूने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त सायकल चालवायची नाही.

आता आयोजकांचं डोकं बघा. त्यांनी शर्यत बंद केली नाही. दोघांचा संघ केला, बारा तास एकाने चालवायची, बारा तास दुसऱ्याने. कायदाही पाळला, खेळही चोवीस तास चालू. प्रेक्षकांना ही अदलाबदल इतकी आवडली की त्यातून नवीन प्रकारच जन्माला आला. त्याचं नाव पडलं मॅडिसन, त्या हॉलवरूनच. हा प्रकार आज ऑलिम्पिकमध्ये आहे. पुढच्या वेळी टीव्हीवर दोन सायकलस्वार चालत्या सायकलवरून एकमेकांचा हात धरून पुढे ढकलताना दिसले, तर ही गोष्ट आठवा.

लोकांना थकलेली माणसं बघायची हौस मात्र तिथेच थांबली नाही. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्मा कमिंग्जने सलग २७ तास नाचून विक्रम केला, तिच्यासोबत नाचणारे सहा जोडीदार त्यात गळाले. त्यातून डान्स मॅरेथॉनचं वेड आलं. १९३० च्या दशकात महामंदी आली, तेव्हा बेकार तरुण-तरुणी या स्पर्धांत आठवडेच्या आठवडे नाचायचे, कारण तिथे निदान जेवण मिळायचं आणि डोक्यावर छप्पर असायचं. एकजण झोपायचा, दुसरा त्याला खांद्यावर धरून पाय हलवत राहायचा. बाहेर स्वतः अडचणीत असलेले लोक चिल्लर मोजून तिकीट काढायचे आणि आपल्यापेक्षा जास्त अडचणीत असलेल्यांना बघायचे. शेवटी अनेक राज्यांनी यावर बंदी घातली.

मग आपण वेगळे आहोत का?

हे वाचताना आपल्याला वाटतं, कसले लोक होते! माणूस कोसळेपर्यंत बघत बसायचे.

पण रिअॅलिटी शोमध्ये स्पर्धक रडायला लागला की कॅमेरा कुठे जातो? चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास लाईव्ह करणाऱ्यांचे व्ह्यूज कधी वाढतात? आपणही स्क्रोल करता करता तिथेच थांबतो.

आणि एक दुसरी बाजूही आहे. ओ'लिअरी, हार्ट, एडा अँडरसन यांना त्या काळातल्या समाजाने जी जागा आखून दिली होती, ती त्यांनी पायांच्या जोरावर ओलांडली. बघणारे त्यांच्या थकण्याचे पैसे देत होते हे खरं, पण त्या पैशासाठी उतरायचा निर्णय त्यांचा होता. ज्या दुकानातून हार्ट आला, तिथे तो आयुष्यभर राबला असता तरी ५६५ मैलांचा आकडा त्याच्या नावावर लागला नसता.

आणि वेस्टनचं काय झालं?

सगळे विसरले तरी वेस्टन चालतच राहिला. १९०९ मध्ये, वयाच्या ७० व्या वाढदिवशी तो न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला पायी निघाला. शंभर दिवसांत पोहोचायचं ठरवलं होतं, चार-पाच दिवस जास्त लागले म्हणून तो स्वतःवर चिडला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला परत चालत आला, यावेळी ८० दिवसांच्या आत.

तोपर्यंत रस्त्यावर मोटारी आल्या होत्या. वेस्टन लोकांना सांगत फिरायचा की गाड्यांमुळे माणूस आळशी होतोय, चाला.

१९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका टॅक्सीने त्याला उडवलं. त्यानंतर तो पुन्हा नीट चालू शकला नाही. १९२९ मध्ये, वयाच्या नव्वदीत तो गेला.

शेंगदाण्यांची पैज हरून चालायला लागलेला माणूस जवळपास सत्तर वर्षं चालत होता. आता पुन्हा मोबाईल बघा आणि आजची उरलेली पावलं पूर्ण करून टाका. तेवढं तर आपल्याला जमेल.